वाचकांचे प्रश्न : पेकिंग विद्यापीठाची पहिली वर्षे

गेल्या अंकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर जे टिपण छापले होते, त्यात चीनमधील शिक्षणाविषयी लिहिताना ‘पेकिंग विद्यापीठ १८९८ साली स्थापन झाले’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले. त्या वाक्याविषयी सोलापूर शहरातूनच बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. शहराचा उल्लेख बीजिंग असा केला असून विद्यापीठासाठी मात्र ते स्वतः परदेशात वापरते ते पेकिंग हेच नाव ठेवले आहे.

प्रश्न : चीनमध्ये राजाश्रयाने चालणारी विद्यालये दोन हजार वर्षांपासून होती, असे माझ्या वाचनात आहे. मग १८९८ चे हे विद्यापीठ त्यांचे वारस मानायचे की परक्यांची नक्कल? शिवाय त्या वर्षी सम्राटाने केलेल्या सुधारणा शंभर दिवसांतच मोडीत निघाल्या. त्या पडझडीत हे एकच कसे टिकले? (एक निवृत्त मुख्याध्यापक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपले वाचन बरोबर आहे. हान घराण्यातील सम्राट वू याने इ. स. पूर्व १२४ मध्ये राजधानीत ‘ताईश्वे’ हे राजविद्यालय सुरू केले होते, आणि पुढील घराण्यांनीही त्या धर्तीची विद्यालये चालवली. त्यांपैकी शेवटच्या ‘ग्वोझ्चियान’ या विद्यालयाची वास्तू बीजिंगमध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिराशेजारी आजही उभी आहे. मात्र या सर्व विद्यालयांचा जीव सरकारी परीक्षेत होता. प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करावेत, ठराविक साच्यात निबंध लिहावेत, एकेक पायरी चढत राजधानीतील परीक्षेपर्यंत पोहोचावे आणि अखेर अधिकारपद मिळवावे, ही वाट जवळजवळ तेरा शतके रुळलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजविद्यालयात अध्यापन नावापुरतेच उरले होते आणि खरे वजन परीक्षेला होते.

या व्यवस्थेवरील विश्वास उडाला तो १८९४-९५ च्या युद्धात जपानकडून झालेल्या पराभवामुळे. ब्रिटन किंवा फ्रान्सकडून हरणे चिनी दरबाराने या ना त्या सबबीखाली पचवले होते. परंतु जो शेजारी शतकानुशतके चीनकडून विद्या घेत आला, त्यानेच आरमार बुडवावे आणि तैवान तोडून घ्यावा, हे पचणारे नव्हते. जपानने तीस वर्षांत काय वेगळे केले, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्या शाळांमध्ये आणि टोकियोच्या विद्यापीठात आहे, असे अनेकांना वाटू लागले. १८९६ मध्ये ली दुआनफेन या अधिकाऱ्याने सम्राटाला अर्ज सादर करून प्रांतोप्रांती नव्या शाळा, राजधानीत एक मोठे विद्यापीठ, ग्रंथालये आणि भाषांतर कचेऱ्या सुरू कराव्यात, असे सुचवले. दोन वर्षे तो कागद जवळजवळ तसाच पडून राहिला. ११ जून १८९८ रोजी तरुण सम्राट ग्वांगशू याने सुधारणांचे पहिले फर्मान काढले, तेव्हा त्यात राजधानीच्या विद्यापीठाचा नाव घेऊन उल्लेख होता, आणि जुलैच्या आरंभी विद्यापीठाची नियमावली मंजूर झाली. तिचा मसुदा ल्यांग चिचाओ या पंचविशीतील सुधारकाने केला होता आणि त्यावर जपानी नियमांची छाप स्पष्ट होती.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की, या संस्थेचे रूप जपानमार्गे आलेले पाश्चात्त्य होते आणि काम मात्र जुन्या राजविद्यालयाचेच, म्हणजे राज्याला अधिकारी पुरवण्याचे होते. चीनमधील हे पहिले आधुनिक महाविद्यालयही नव्हे, कारण तिआनजिन येथे १८९५ मध्ये आणि शांघाय येथे १८९६ मध्ये अशा संस्था निघाल्या होत्या. पण त्या प्रांतांतील होत्या आणि ही मध्यवर्ती सत्तेने उभारलेली होती. आपल्याकडचा दाखला घेतला, तर हा वेगळेपणा नीट ध्यानात येईल. १८५७ चे मुंबई विद्यापीठ दीर्घकाळ केवळ परीक्षा घेई आणि पदव्या देई, शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालये करीत. सोलापूरची महाविद्यालये पुणे, मग कोल्हापूर आणि २००४ पासून सोलापूरच्याच विद्यापीठाशी जोडली गेली, ती त्याच परंपरेतून. पेकिंगच्या विद्यापीठाने स्वतः शिकवायचे होतेच, शिवाय नियमावलीने साऱ्या प्रांतांतील शाळांवर देखरेख करण्याचे कामही त्याच्यावर सोपवले होते. देशात तोवर शिक्षण खाते नव्हते, त्यामुळे विद्यापीठ आणि खाते ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर आली.

आता दुसरा प्रश्न. २१ सप्टेंबर १८९८ रोजी राजमाता त्सशी हिने सत्ता हाती घेऊन सम्राटाला नजरकैदेत टाकले. ल्यांग चिचाओ जपानला निसटला, सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला आणि ली दुआनफेन यांची रवानगी शिनजियांगला झाली. १०३ दिवसांतील बहुतेक फर्माने रद्द करण्यात आली. असे असताना सत्तापालटानंतरच्या आदेशात विद्यापीठ हे गुणी माणसे घडवण्याचे ठिकाण असल्याने ते चालू ठेवावे, असे नमूद केले गेले. माझ्या मते यामागे दोन कारणे होती. विद्यापीठाचा कारभार ज्यांच्याकडे होता ते सुन जियानाई हे सम्राटाचे गुरू, वयाने ज्येष्ठ आणि वृत्तीने सावध गृहस्थ होते. सुधारकांचे पुढारी कांग योवेई आणि ल्यांग चिचाओ यांच्या गटात ते कधीच नव्हते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. राजमातेचा राग सुधारणांपेक्षा आपले अधिकार काढून घेऊ पाहणाऱ्यांवर होता, आणि अधिकारी तयार करणारी शाळा तिच्या सत्तेच्या आड येत नव्हती.

त्या वर्षाच्या अखेरीस चियानलोंग सम्राटाच्या एका कन्येच्या जुन्या वाड्यात, राजप्रासादाच्या उत्तरेकडील जिंगशान टेकडीच्या पूर्वेस, वर्ग सुरू झाले. नियमावलीत कल्पिलेल्या पाचशे विद्यार्थ्यांऐवजी शे-दोनशेच आले आणि त्यांचा बराच वेळ प्राचीन ग्रंथांतच जाई. पाश्चात्त्य विद्यांच्या अध्यापकांचे प्रमुख म्हणून डब्ल्यू. ए. पी. मार्टिन या अमेरिकी मिशनऱ्यांना नेमले होते. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील एका अमेरिकी ग्रंथाचे त्यांनी केलेले चिनी भाषांतर १८६४ मध्ये छापले गेले होते आणि सरकारी भाषाविद्यालयाचे प्रमुखपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले होते.

प्रश्न : काही ठिकाणी या विद्यापीठाचा वर्धापनदिन १७ डिसेंबर दिलेला आढळतो, तर आता तो ४ मे रोजी साजरा होतो. स्थापना १८९८ च्या उन्हाळ्यातील असेल, तर यांपैकी एकही तारीख जुळत नाही. (एक ग्रंथपाल, सोलापूर)

उत्तर : १७ डिसेंबर ही तारीख १९०२ सालची आहे. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेले ‘बॉक्सर’ बंडखोर राजधानीत शिरले, दरबाराने त्यांची बाजू घेतली आणि परकीय वकिलातींना वेढा पडला. त्या वेढ्यात मार्टिन अडकले होते. सुन जियानाई यांच्यानंतर विद्यापीठाचा कारभार पाहणारे शू जिंगचंग हे युरोपात राजदूत म्हणून राहून आलेले होते. वकिलातींवर हल्ला करणे हा आत्मघात आहे, असे त्यांनी दरबारात सांगितले आणि त्याबद्दल जुलैअखेरीस त्यांचा शिरच्छेद झाला. विद्यापीठ बंद पडले. पुढे आठ राष्ट्रांच्या फौजा शहरात आल्या, तेव्हा रशियन आणि जर्मन सैनिकांनी त्या वाड्यात तळ ठोकला आणि ग्रंथ व उपकरणे यांची वाताहत झाली.

१९०२ च्या जानेवारीत झांग बायशी यांच्याकडे नव्याने उभारणी सोपवण्यात आली, आणि दुसरी स्थापना म्हणावी असेच काम त्यांनी केले. जुने सरकारी भाषाविद्यालय विद्यापीठात विलीन करण्यात आले. मार्टिन आणि त्यांचे सहकारी यांना निरोप देऊन जपानी अध्यापक आणले गेले. वू रूलुन या विख्यात पंडितांना मुख्य अध्यापकपद देऊ केले, तेव्हा आधी जपानच्या शाळा पाहून येतो, असे म्हणून ते तिकडे गेले. परत आल्यावर मात्र पद स्वीकारण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. अधिकाऱ्यांसाठी एक आणि शिक्षकांसाठी एक असे दोन विभाग १७ डिसेंबर १९०२ रोजी उघडले. शिक्षकांच्या विभागातून पुढे बीजिंगचे स्वतंत्र अध्यापन विद्यापीठ निर्माण झाले. अनेक वर्षे वर्धापनदिन त्याच तारखेला होई. ४ मे ही तारीख १९१९ च्या विद्यार्थी आंदोलनाची असून वर्धापनदिन म्हणून ती १९५० च्या दशकाच्या आरंभी, नव्या राजवटीत स्वीकारली गेली.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आधुनिक जगाच्या इतिहासात ४ मे १९१९ चे आंदोलन वाचताना नेहमी कोडे पडते की, सरकारी अधिकारी घडवण्यासाठी काढलेल्या संस्थेतूनच सरकारविरुद्ध इतके मोठे आंदोलन कसे उभे राहिले? (एक विद्यार्थिनी, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : हे कोडे सुटण्यासाठी मधली पंधरा वर्षे पाहावी लागतील. १९०५ मध्ये जुनी सरकारी परीक्षा एका फर्मानाने कायमची बंद झाली आणि त्याच वर्षी शिक्षण मंत्रालय स्थापन होऊन विद्यापीठावरील प्रांतिक शाळांचा भार उतरला. परीक्षा गेली तरी तिची हाव गेली नव्हती. विद्यापीठातून उत्तीर्ण होणाऱ्यांना जुन्या परीक्षेच्याच पदव्या आणि त्यांबरोबर पदेही दिली जात. विद्यार्थ्यांत मुळातच अधिकारी असलेले अनेक जण होते आणि ते नोकरचाकर घेऊन राहत. नोकर त्यांना वर्गात जाण्याची आठवण ‘साहेब’ म्हणूनच करीत, आणि कवायतीचे शिक्षकही ‘साहेब, डावीकडे वळा’ असाच हुकूम देत, अशी आख्यायिका आहे. आपण ज्या परीक्षेची तयारी करता, तिच्याभोवतीचे वातावरण आठवले, तर हे फार परके वाटू नये.

१९१० मध्ये विज्ञान, कायदा, साहित्य, शेती, अभियांत्रिकी, व्यापार आणि प्राचीन ग्रंथ अशा सात शाखा सुरू झाल्या, पण पुढच्याच वर्षी क्रांती होऊन साम्राज्य संपले. मे १९१२ मध्ये संस्थेला पेकिंग विद्यापीठ हे नाव मिळाले. पहिले अध्यक्ष यान फू यांनी पाश्चात्त्य विचारवंतांचे ग्रंथ चिनी भाषेत आणले होते, परंतु त्यांच्या वाट्याला आली ती रिकामी तिजोरी. एका रशियन-चिनी बँकेकडून कर्ज काढून त्यांनी वर्ग चालवले. पैसा नाही आणि दर्जाही नाही, तेव्हा विद्यापीठ बंदच करावे, असा विचार मंत्रालयात सुरू झाला, तेव्हा त्यांनी सविस्तर निवेदन लिहून तो परतवला आणि काही महिन्यांतच राजीनामा दिला. या संस्थेच्या इतिहासात त्यांना मिळते त्यापेक्षा अधिक श्रेय मिळायला हवे, असे मला वाटते.

खरा पालट झाला तो जानेवारी १९१७ मध्ये त्साय युआनपेय अध्यक्ष झाल्यावर. ते जुन्या परीक्षेच्या सर्वोच्च पायरीवर पोहोचलेले पंडित होते, पुढे क्रांतिकारक झाले, मग जर्मनीत लाइपझिग येथे शिकले आणि प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्रीही होते. ते येण्यापूर्वी विद्यापीठाची अब्रू अशी होती की, राजधानीतील वेश्यावस्तीची सर्वांत चांगली गिऱ्हाइके म्हणून संसदेच्या दोन सभागृहांबरोबर विद्यापीठाचेही नाव घेतले जाई. त्साय यांनी पहिल्याच भाषणात बजावले की, विद्यापीठ ही उच्च ज्ञानाच्या संशोधनाची जागा आहे आणि ज्यांना अधिकार आणि पैसा हवा असेल, त्यांनी दुसरीकडे जावे. जुगार, वेश्यागमन आणि रखेली ठेवणे यांपासून दूर राहण्याची शपथ घेणारे एक मंडळही त्यांनी काढले. अभियांत्रिकी शाखा तिआनजिनच्या महाविद्यालयाकडे सोपवून त्यांनी साहित्य आणि शुद्ध विज्ञान यांवर भर दिला.

अध्यापक निवडताना त्यांनी मतांपेक्षा विद्वत्ता पाहिली. साहित्य शाखेचे प्रमुख म्हणून आलेले चेन दूशिऊ परंपरेवर कडाडून टीका करणारे नियतकालिक चालवत होते आणि अमेरिकेहून परतलेले हू शी बोलभाषेत लिहिण्याचा आग्रह धरत होते. त्याच शाखेत साम्राज्य संपल्यावरही पाठीवर वेणी मिरवणारे आणि राजसत्तेचे कट्टर समर्थक असलेले गू होंगमिंग इंग्रजी साहित्य शिकवत होते. ल्यांग शूमिंग यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती, पण त्यांचा एक लेख वाचून त्साय यांनी त्यांना भारतीय तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी बोलावले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आपल्या वाचकांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण उपनिषदे आणि बौद्ध दर्शने तेथील पदवीच्या वर्गात शिकवली जात होती, हे आपल्याकडे क्वचितच कोणाला माहीत असते. ग्रंथालयाचे प्रमुख ली दाजाओ होते. त्यांच्या हाताखाली १९१८-१९ च्या हिवाळ्यात महिना आठ युआन पगारावर एक मदतनीस वाचकांची नावे नोंदवत असे, तो म्हणजे माओ त्से-तुंग. मोठे अध्यापक आपल्याशी बोलायलाही थांबत नसत, ही त्याची तक्रार पुढे बरीच वर्षे टिकली.

अशा वातावरणात दोन वर्षे घालवलेल्या विद्यार्थ्यांना पॅरिसच्या शांतता परिषदेची बातमी कळली. महायुद्धात चीन दोस्तांच्या बाजूने होता, तरी शानडोंग प्रांतातील जर्मनीचे हक्क जपानला देण्याचे ठरले होते. ४ मे १९१९ रोजी तेरा शिक्षणसंस्थांतील सुमारे तीन हजार विद्यार्थी तिआनआनमेनसमोर जमले आणि त्यांचे नेतृत्व पेकिंग विद्यापीठाकडे होते. जपानधार्जिण्या मंत्र्याचे घर पेटवण्यात आले आणि बत्तीस विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांच्या सुटकेसाठी त्साय यांनी धडपड केली आणि ते सुटल्यावर राजीनामा देऊन शहर सोडले. सप्टेंबरमध्ये ते परत आले, तोवर संप आणि बहिष्कार शांघायपर्यंत पोहोचून चिनी प्रतिनिधींनी व्हर्सायच्या तहावर सही करण्याचे नाकारले होते. त्साय यांना स्वतःला विद्यार्थ्यांनी वारंवार रस्त्यावर उतरणे पसंत नव्हते आणि त्यांनी तसे सांगितलेही. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे, तर अधिकारपदाचे आश्वासन काढून घेतल्यावर विद्यार्थ्यांना सरकारची मर्जी राखण्याचे कारणच उरले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, या वर्गांत विद्यार्थिनीही बसू लागल्या.

प्रश्न : भैय्या चौकातील स्मारक पाहताना माझ्या नातवाने विचारले की, डॉ. कोटणीस चीनमध्ये शिकवत होते, ते याच विद्यापीठात का? आणि अलीकडे छायाचित्रांत तळे आणि पॅगोडा दिसतो, तोच हा १८९८ चा परिसर का? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : नातवाला सांगावे की, पेकिंग विद्यापीठात डॉक्टरांनी शिकवले नाही आणि त्या काळात ते शक्यही नव्हते. १९३७ च्या उन्हाळ्यात जपानी सैन्याने बीजिंग घेतले. पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठे आधी चांगशा येथे आणि १९३८ मध्ये नैर्ऋत्येस कुनमिंग येथे गेली. तेथे युद्धसमाप्तीपर्यंत त्यांनी एकत्र संयुक्त विद्यापीठ चालवले. चांगशाहून कुनमिंगला जाताना विद्यार्थी आणि अध्यापकांच्या एका तुकडीने सुमारे १,६०० किलोमीटरचा रस्ता ६८ दिवसांत बहुतांशी पायी तोडला. डॉ. कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले आणि पुढच्या फेब्रुवारीत उत्तरेकडील यानआन या कम्युनिस्टांच्या तळावर पोहोचले, म्हणजे अगदी निराळ्या आघाडीवर.

त्यांनी शिकवले ते हबेई प्रांतातील तांग तालुक्याच्या डोंगराळ खेड्यांत चालणाऱ्या लष्करी वैद्यक विद्यालयात. ते सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा मोठा वाटा होता, आणि नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन ते वारले, तेव्हा विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले ते १९४० साल. त्याच सुमारास सोलापूरचे हे डॉक्टर शत्रूच्या मोहिमांमुळे गावोगाव हलणाऱ्या त्या विद्यालयाशी जोडले गेले. १९४१ पासून ते तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख होते, चिनी भाषेतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवत होते आणि त्या विषयाचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले, तेव्हा त्याचा पुढचा भाग अपुरा होता. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान याच विद्यालयात परिचर्या शिकवत. युद्धानंतर हे विद्यालय इतर संस्थांत मिसळत शिच्याझ्वांग, तिआनजिन आणि १९५४ मध्ये ईशान्येकडील चांगचुन असा प्रवास करत गेले. १९७८ मध्ये त्याला बेथ्यून यांचे नाव परत मिळाले आणि २००० पासून ते जिलिन विद्यापीठाचा भाग आहे. तेव्हा डॉक्टरांचा संबंध शोधायचा, तर तो जिलिनच्या पूर्वेतिहासात मिळेल.

तळे आणि पॅगोडा यांविषयी म्हणाल, तर तो परिसर १८९८ चा नाही. शहराच्या वायव्येला असलेली ती जागा येन्चिंग या मिशनरी विद्यापीठाची होती, आणि पॅगोडा हा १९२० च्या दशकात पॅगोड्याच्या आकारात बांधलेला पाण्याचा मनोरा आहे. १९५२ मध्ये विद्यापीठांची फेररचना होऊन येन्चिंग बरखास्त झाले, तेव्हा पेकिंग विद्यापीठ तेथे गेले. नातू कधी बीजिंगला गेलाच, तर जिंगशान टेकडीच्या पूर्वेला १९१८ मध्ये पूर्ण झालेली लाल विटांची इमारत त्याने पाहावी. ती मुळात वसतिगृहासाठी योजलेली होती, पण तेथे साहित्य शाखा आणि ग्रंथालय आले. आता तेथे संग्रहालय आहे आणि ली दाजाओ यांची खोली तळमजल्यावर दाखवतात.